देवापुढचा पगार

आमच्या घरी पगार देवापुढे ठेवायची पद्धत होती. वडील हिंदी मुलखातल्या एका सरकारी फॅक्टरीत फिटर. पगाराच्या दिवशी भोंगा झाला की थोड्या वेळानं फॅक्टरीजवळच्या रांझीतल्या आमच्या गल्लीत सायकली येऊ लागायच्या. वडील हातपाय धुवायचे, खिशातून पाकीट काढायचे आणि देवघरात गणपतीच्या पुढ्यात ठेवायचे. दिवेलागणीला आई निरांजन लावायची, नमस्कार करायची आणि मग पाकीट उचलायची. वडिलांनी आईच्या हातात पैसे दिलेले मी कधी पाहिले नाहीत, आईनं मागितलेलेही पाहिले नाहीत. मधे देव होता. दोघांच्याही सोयीचं होतं ते.

लग्न झाल्यावर मीही तेच सुरू ठेवलं. मी काही फॅक्टरीत लागलो नाही. शहरातल्या सदर बाजारात टीव्ही-फ्रिजचं एक मोठं दुकान होतं, तिथे हिशेबाच्या टेबलावर बसायचो. पण एक तारखेचं पाकीट मात्र त्याच देवघरात, त्याच गणपतीपुढे. माझी बायको चंद्रपूरकडची. तिच्या माहेरी असलं काही नव्हतं. पहिल्या महिन्यात तिनं विचारलं, "हे देवाले वाहायचे आहेत का घरात वापराचे आहेत?" आई खूप हसली होती.

आता आई-वडील दोघंही नाहीत. घर माझ्या नावावर आहे. वडिलांनी क्वार्टर सोडायच्या आधी फॅक्टरीच्या सोसायटीतून कर्ज काढून बांधलेलं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे लहानसं अंगण. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात हे घर जाईल अशी भीती मला रोज वाटत होती. आणि त्या भीतीबद्दल मी घरात राहणाऱ्या दुसऱ्या माणसाला काहीही सांगितलं नाही.

क्रेडिट कार्ड मी मागायला गेलो नव्हतो. आमच्या दुकानात कार्डवाल्या कंपनीचा एक माणूस टेबल टाकून बसायचा, गिऱ्हाइकांना हप्त्यावर फ्रिज घेता यावा म्हणून. महिनाअखेरीला त्याचे फॉर्म कमी पडले की शेठ आम्हाला म्हणायचे, "अरे, ले लो भाई सब लोग, बेचारे का टार्गेट हो जाएगा।" आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. कार्ड आलं आणि पाकिटात पडून राहिलं. बरेच दिवस ते मी फक्त कोणी बघत असेल तेव्हा काढायचो.

मग लोक मोबाइलवरून टीव्ही मागवायला लागले. दुकानात येऊन पडदा बघायचे, आवाज ऐकायचे, आमच्याकडून सगळं समजून घ्यायचे आणि घरी जाऊन दुसरीकडे मागवायचे. शेठनी आम्हाला बसवून चहा पाजला आणि सांगितलं की काही महिने पगार अर्धा मिळेल. "मजबूरी समझो."

मी समजलो. त्या दिवशी अर्धं पाकीट घेऊन निघालो आणि सदरच्या चौकातल्या एटीएमसमोर स्कूटर उभी केली. हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, म्हणून नीट सांगतो. पैसे हवे होते कारण घरात कुणी आजारी होतं, असं नव्हतं. फी भरायची होती, असंही नाही. मला फक्त ते पाकीट तितकंच जाड हवं होतं. कार्ड मशीनमध्ये घातलं, उरलेली अर्धी रक्कम काढली, शेठच्या मळक्या नोटांखाली त्या कोऱ्या नोटा ठेवल्या, घरी आलो, हातपाय धुतले आणि पाकीट गणपतीपुढे ठेवलं.

कार्डावर रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज लागतं हे मला ठाऊक नव्हतं, असं मी नंतर वकीलबाईंना सांगितलं. ते खोटं होतं. त्या टेबलवाल्या माणसानं सांगितलं होतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

काही महिने म्हणता म्हणता वर्षं झाली. दर महिन्याला कार्डाचं बिल यायचं, त्यात 'किमान देय' म्हणून एक लहान रक्कम असायची, ती मी इमानदारीनं भरायचो. इथे माझी एक चूक झाली, आणि ती आमच्यासारख्या फॅक्टरीवाल्यांच्या पोरांनीच करावी अशी. वडिलांनी सोसायटीचं कर्ज घेतलं तेव्हा हप्ता पगारातूनच कापला जायचा. कधी विचारावं लागायचं नाही. कर्ज म्हणजे दर महिन्याला थोडं कापलं जातं आणि एक दिवस संपतं, एवढंच आम्ही घरात पाहिलेलं. वडिलांचं संपलं त्या दिवशी आईनं शिरा केला होता. मीही तसाच थोडंथोडं भरत राहिलो, एक दिवस संपेल म्हणून. ते संपत नव्हतं, वाढत होतं. आणि मी वेळेवर भरतो म्हणून कंपनी दरवर्षी कार्डाची मर्यादा वाढवून द्यायची, वर अभिनंदनाचा मेसेज पाठवायची. मला तो मेसेज वाचून बरं वाटायचं, हेही कबूल करतो.

मग मर्यादा भरली, आणि थोड्याच दिवसांत दुकानाचं शटर पडलं. मला घराजवळच्या एका खाजगी शाळेत फीच्या खिडकीवर काम मिळालं. पगार शेठच्या अर्ध्या पगाराहून थोडाच जास्त. बायकोला सांगितलं, शाळेत कमीच देतात. ती म्हणाली, "चालून जाईल." बस. दुसऱ्या महिन्यापासून दुधाची पिशवी एकच येऊ लागली, आणि तिनं शेजारच्या दोन घरच्या साड्यांचे फॉल-पिको करायला घेतले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई अर्ध्यात घर चालवू शकते. पण मला तेव्हा दुसरीच काळजी. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले होते. आधी ते मला 'सर' म्हणायचे, मग 'भाई साहब', मग नुसतं 'तू'. त्यांना गप्प करायला मी शाळेच्या पगारातून थोडे काढून ठेवायचो आणि अधूनमधून भरायचो. म्हणजे आधी पाकिटात पगारापेक्षा जास्त असायचं, नंतर कमी. त्या वर्षांत खरा पगार गणपतीनं कधी पाहिलाच नाही.

फोन मी स्कूटरच्या डिकीत ठेवायला लागलो. बायको विचारायची, "मोबाइल कुठे तुमचा?" मी म्हणायचो, चार्जिंगला. "डिकीत चार्ज होते काय?" ती हसायची. मीही हसायचो.

शाळेच्या खिडकीवर मात्र एक गोष्ट शिकलो. फी थकलेले पालक येतात, ते खिडकीशी येण्याआधीच ओळखू येतात. कुणी उगाच मोठ्यानं बोलतं, कुणी आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतं. "सर, अगले सोमवार पक्का." त्या प्रत्येकाचं मला अंतर्बाह्य कळायचं, आणि तरी मी रजिस्टरमध्ये बोट ठेवून म्हणायचो, "मैडम, ऐसे कैसे चलेगा?" हे म्हणताना जीभ अडखळायची नाही. वाईट मला त्याचंच वाटतं.

फोन एकदम बंद झाले तेव्हा मला वाटलं, सुटलो. कंटाळले असतील. खरं म्हणजे प्रकरण कोर्टात गेलं होतं.

एका सकाळी मी अंगणात स्कूटर पुसत होतो. खाकी पिशवी अडकवलेला एक माणूस फाटकाशी आला आणि माझंच नाव घेऊन विचारलं, हे इथेच राहतात का.

"वो तो नागपुर गए हैं," मी म्हणालो. कसं तोंडातून गेलं, ठाऊक नाही.

"अच्छा। आप कौन?"

"मैं... छोटा भाई।"

मला भाऊ नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या फडक्याकडे, मग स्कूटरकडे. "ठीक है, भाई साहब आएँ तो बता देना, कोर्ट का समन है।" आणि निघून गेला. मी त्या दिवशी शाळेत जाताना चक्क शीळ घालत होतो. माझ्या डोक्यात असं होतं की कागद हातात घेतला नाही तर खटला सुरूच होत नाही. शिकलेला माणूस मी, हिशेबात आयुष्य गेलं, आणि हे असं डोक्यात.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात बायकोनं हळदीकुंकू ठेवलं. आमच्या गल्लीत आता मराठी घरं थोडीच उरली आहेत, पण संक्रांतीला रांझीतल्या सगळ्या जणी एकमेकींकडे जातात. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चेरीतालहूनही दोघीतिघी बसनं येतात. वाण म्हणून तिनं या वर्षी चहाची गाळणी आणली होती. दाराला झेंडूचं तोरण, अंगणात रांगोळी. पुरुषांना त्या दिवशी घरात जागा नसते, म्हणून मी शेजारच्या काकांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

हे काका वडिलांच्याच सेक्शनमध्ये होते. दोघांनी शेजारीशेजारी जागा घेतली, सोसायटीचं कर्ज काढलं, दोन्ही घरं एकदमच उभी राहिली. मधली भिंत एकच आहे. काकांच्या कर्जाला जामीनदार म्हणून वडिलांची सही होती, वडिलांच्या कर्जाला काकांची. सोसायटीत तसंच चालायचं. काका आता ऐंशीच्या घरात आहेत, कमी ऐकू येतं, पण तिळगुळाची वाटी माझ्याकडे सरकवत गप्पा चालू होत्या.

तेवढ्यात तो खाकी पिशवीवाला आला. या वेळी तो माझ्या फाटकाशी गेलाच नाही. बायकांची ये-जा बघून सरळ ओसरीकडे वळला आणि काकांना विचारलं, "बाबूजी, ये बाजू वाला मकान किनका है?"

काकांनी मोठ्या आनंदानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "अरे, ये क्या बैठे हैं! इन्हीं का है. इनके पिताजी और मैं..."

"जी," तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "नागपुर से कब आए?"

काकांनी विचारलं, "तू नागपूरले गेला होता काय रे? कधी?"

मी तिळगुळाची वाटी बाजूला ठेवली. त्यानं कागद पुढे केला, सही कुठे करायची ते दाखवलं. मी म्हणालो, मैं नहीं लूँगा. त्यानं पुन्हा एकदा, अगदी सौम्यपणे सांगितलं, "ले लीजिए साहब। नहीं लेंगे तो मुझे दरवाज़े पर चस्पा करना पड़ेगा। आज मेहमान हैं आपके यहाँ।"

आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या माणसानं मला दोनदा वाचवायचा प्रयत्न केला होता. मी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

त्यानं काकांना साक्षीदार म्हणून सही मागितली, की हे घर यांचंच. काकांनी चष्मा लावला, माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग हळूहळू, फॅक्टरीच्या हजेरीवर करायचे तशी सही केली. तो माणूस माझ्या अंगणात गेला. रांगोळी चुकवून, कडेकडेनं गेला, हे मला स्पष्ट दिसलं. उघड्या दाराच्या एका फळीला, तोरणाच्या थोडं खाली, गोंद लावून त्यानं कागद चिकटवला आणि तळहातानं नीट दाबला.

आतून दोघीजणी वाण घेऊन निघाल्या होत्या. त्यांच्यातली एक नवी सून, इथेच वाढलेली, तिला मराठी समजतं पण वाचायला हिंदीच बरं पडतं. तिनं सहज मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "वसूली का दावा... बनाम..." पुढे माझं नाव आलं तशी सासूनं तिचं कोपर धरलं. "चल, उशीर होते आहे." दोघी गेल्या. मागाहून आणखी आल्या. प्रत्येकीनं दारात पाऊल ठेवताना कागद पाहिला, आत गेली, हळदीकुंकू घेतलं, गाळणं घेतलं, आणि कुणीही, एकीनंही, एक शब्द काढला नाही. त्या गप्प राहिल्या, ही त्यांची सभ्यता होती. मला वाटत होतं, कुणीतरी काहीतरी बोलावं.

बायको एकीला निरोप द्यायला दारापर्यंत आली तेव्हा तिनं पाहिलं. सगळा वाचला. मग भिंतीवरून माझ्याकडे, काकांच्या ओसरीकडे बघितलं. आणि आत गेली, कारण अजून चौघीजणी यायच्या होत्या.

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "बेटा, त्यानं विचारलं घर कोणाचं. खोटं कसं सांगू? तुझ्या बापानं माझ्यासाठी सही केली, म्हणून ही ओसरी आहे." आणि थोड्या वेळानं, "आता जामीन लागत असेल तर सांग. माझी सही अजून चालते."

त्यांना सांगत बसलो नाही की या कर्जाला कुणीच जामीन नव्हता. म्हणूनच ते घेणं इतकं सोपं झालं होतं. सोसायटीचा फॉर्म भरायचा तर दोन माणसांना आधी सांगावं लागायचं, पैसे कशाला हवेत ते. मला एटीएमनं काहीच विचारलं नव्हतं.

दिवेलागणीला सगळ्या गेल्यावर मी घरात गेलो. तिनं निरांजन लावलेलं होतं. गाळण्यांची रिकामी खोकी एकात एक घालत ती बसली होती.

"किती वर्षं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. अर्धा पगार, सदर, एटीएम, पाकीट, किमान देय, मग शाळेच्या पगारातून काढून ठेवलेले पैसे, नागपूर, छोटा भाऊ. छोटा भाऊ ऐकून तिच्या तोंडावर काहीतरी हललं, हसू असेल, पण ते तिनं येऊ दिलं नाही. घराचंही सांगितलं. म्हणालो, घरावर येईल.

ती पहिल्यांदा घराबद्दल बोललीच नाही. म्हणाली, "पाकिटात अर्ध्या नोटा कोऱ्या असायच्या."

"हो."

"त्या मशीनच्या होत्या?"

"हो."

तिनं खोकी खाली ठेवली. "मले कोऱ्या नोटा मोडवत नाही. मायच्या घरची सवय. मी मळक्या नोटांत घर चालवायची, आणि कोऱ्यांतल्या निघतील तितक्या पोस्टात टाकायची. आर. डी. मधे. घराले वरची खोली काढू म्हणून." मग थांबून म्हणाली, "म्हणजे तुम्ही कर्ज काढून राहिले होते, अन् मी त्या कर्जातून बचत करून राहिली होती."

ती आता ओरडेल म्हणून मी वाट पाहत होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मले अर्ध्यात चालवता येते," ती म्हणाली. "शाळेच्या पगारात चालवलं की नाही? मंग तेव्हा काहून नाही सांगतलं? मी काय म्हटलं असतं? सांगा न. काय म्हटलं असतं मी?"

 याचं उत्तर मला आजही नीट येत नाही. जे येतं ते असं की, मला तिची भीती नव्हती. आपण वडिलांसारखे आहोत हे मला दर महिन्याला बघायचं होतं. देवघरात पाकीट ठेवताना मी वडील व्हायचो. तेवढ्या एका मिनिटासाठी मी चाळीस टक्के व्याजानं पैसे काढत होतो. ती बिचारी त्यात कुठेच नव्हती, आणि फसवली मात्र तीच गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं दारावरचा कागद ओल्या फडक्यानं भिजवून काढला आणि गोंद घासत बसली. "सरकारी गोंद आहे," म्हणाली. "काम पक्कं."  नंतरचे कितीतरी दिवस आमचं बोलणं डाळ-तांदूळ-दूध एवढ्यावर चाललं.

पण कोर्टाची तारीख तिनंच कॅलेंडरवर गोल करून ठेवली. कोर्टात गरिबांना फुकट वकील मिळतो हेही तिनंच फॉल-पिकोवाल्या एका बाईकडून काढलं. मी म्हणालो, आपण गरीब थोडेच आहोत. ती म्हणाली, "फॉर्मवर तुमचा पगार लिहा. गरीब का नाही ते तेच पाहतील."

ते पाहून त्यांनी वकील दिला. तरुण बाई होत्या, टेबलावर फायलींचा ढीग, समोर अर्धवट खाल्लेला समोसा. त्यांनी समन वाचलं, पावत्या पाहिल्या. मी व्याजाबद्दल ठाऊक नव्हतं वगैरे सुरू केलं तेव्हा म्हणाल्या, "अंकल, वो छोड़िए। आप आ गए, यही बड़ी बात है। आधे लोग तो समन ही नहीं लेते।"

बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

"न लेने से क्या होता है?" तिनं वकीलबाईंना विचारलं. ते माझ्यासाठीच विचारलेलं होतं.

"एकतरफ़ा फ़ैसला। जितना बैंक ने लिखा, उतना मान लिया जाता है। फिर वसूली में कुर्की तक बात जाती है, मकान-सामान, सब।"

मी इतकी वर्षं ज्या घराला वाचवायला लपत होतो ते घर माझ्या लपण्यानंच जप्त होणार होतं. हे त्या बाईंनी समोसा उचलता उचलता सांगितलं.

त्यांनी उत्तर दाखल केलं, आणि प्रकरण लोकअदालतीत लावून घेतलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून मिटवायचं. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात मांडव, मांडवात टेबलं, टेबलांमागे बँकांची माणसं. मला वाटलं होतं तिथे मान खाली घालून उभं राहावं लागेल. प्रत्यक्षात जत्रा होती. लोक आकडे बोलत होते, रागावत होते, उठून जात होते, परत येत होते.

आमच्या टेबलावर एक तरुण होता, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, शर्ट घामानं भिजलेला. त्यानं एक रक्कम सांगितली. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. मला फक्त तिथून जायचं होतं. बायकोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि सदरच्या भाजीबाजारात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "भैया, ठीक से लगाओ."

"दीदी, ये कोई सब्ज़ी थोड़े ही है।"

"सब्ज़ी होती तो मैं कब की आगे बढ़ जाती. जितना इन्होंने निकाला था, उतने पे बात करो. ब्याज की बात बाद में."

त्यानं लॅपटॉपवर काहीतरी दाबलं, कुणाला तरी फोन केला. पुन्हा आकडा. पुन्हा तिची मान नाही. वकीलबाई मधे पडल्या, शाळेच्या पगाराचा कागद पुढे केला. दुपार उलटेपर्यंत असं चाललं. शेवटी जे ठरलं ते मी काढलेल्या पैशांहून थोडं जास्त होतं आणि मागितलेल्याहून खूपच कमी. पहिला मोठा हिस्सा लगेच द्यायचा, उरलेलं काही हप्त्यांत. सह्या झाल्या. घर राहिलं.

पहिला हिस्सा पोस्टातल्या आर. डी. चा होता. मोडताना खिडकीवरच्या माणसानं तिला समजावलं, "दीदी, टाइम से पहले तोड़ेंगी तो ब्याज का नुकसान होगा।" ती हसली. त्या सगळ्या काळात मला तिचं तेवढंच हसू आठवतं. "भैया, इस पैसे पे जितना ब्याज गया है न," ती म्हणाली, "आप नहीं समझोगे."

वरची खोली आता होणार नाही. तिनं ती कुठे जिना, कुठे खिडकी असं सगळं ठरवून ठेवलं होतं, हे मला त्या आठवड्यातच कळलं.

लोकअदालतीतून परतताना तिनं ऑटोवाल्याला सदरमधून घ्यायला सांगितलं. चौकात थांबवलं. "कोणतं?" मी दाखवलं. एक लहानशी काचेची खोली, आत थंड उजेड, बाहेर खुर्चीवर चौकीदार पेंगत होता. ती ऑटोतून उतरली नाही, नुसती बघत राहिली.

"इतकंसं," म्हणाली. मग, "चलो भैया, रांझी."

पुढच्या एक तारखेला शाळेनं पगार दिला. पहिल्यांदाच मी त्यातून काही काढलं नाही, काही घातलं नाही. घरी आलो, हातपाय धुतले, आणि सवयीनं देवघराकडे वळलो. ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिथूनच म्हणाली, "तिथे नका ठेवू."

मी थांबलो.

"देवाले काय, तो काहीही पाहून घेते. इतकी वर्षं पाहिलंच न त्यानं." तिनं कणकेचा हात पदराला पुसला आणि पुढे केला. "इकडे द्या. माझ्या हातात."

मी दिलं. तिनं माझ्यासमोरच उघडलं. नोटा सगळ्या मळक्याच होत्या. मग तिनं ते पुन्हा बंद केलं, कणकेच्या बोटांचा थोडा पांढरा डाग पाकिटाला लागला, आणि देवघराकडे बोट दाखवून म्हणाली, "आता नमस्कार करून घ्या."